सायबाचा पट्टा

काटेवाडी सोडून भवानीनगरच्या रस्त्याला लागलं, की आत एक माळ लागतो. अकरा एकर चार गुंठे. मोजून सांगतो. मोजणी खात्यात मी तीस वर्षं साखळी ओढली आणि हा माळ स्वतः सात वेळा मोजला. सातही वेळा अकरा एकर चार गुंठेच भरला, आणि सातही वेळा मोजणी पुरी होताच दोन्हीकडून दगड आले.

माळाच्या मावळतीला हिवरेवाडी, तालुका बारामती. उगवतीला बोरकुंड, तालुका इंदापूर. हिवरेवाडीच्या नकाशात शीव उगवतीच्या ओढ्यावरून जाते, म्हणजे माळ हिवरेवाडीचा. बोरकुंडच्या नकाशात शीव मावळतीच्या गाडीवाटेवरून जाते, म्हणजे माळ बोरकुंडचा. दोन्ही नकाशे अस्सल. दोन्हींवर एकाच गोऱ्याची सही, डॉब्सन साहेबाची. दोन सह्यांमध्ये अंतर फक्त एका दिवसाचं. लोक माळाला सायबाचा पट्टा म्हणतात ते त्यामुळंच.

दीडशे वर्षं या पट्ट्यापायी दोन्ही गावांनी एकमेकांना मुली दिल्या नाहीत. पट्ट्यावरच्या बाभळीवर एकदा वीज पडली, तर दोन्ही गावांनी वेगवेगळा पंचनामा केला. कागदोपत्री बाभळी दोन जळाल्या आणि एकच कावळा दोनदा मेला. कागद अजून असतील, कुणीही बघून यावं.

पट्ट्याच्या बरोबर मधे बानूबाईचं घर. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या याच माळावर राहून मेंढरांमागं हिंडणारं, धनगराचं. नवरा गेल्यावर बानूबाईनं मेंढरं कमी केली, चार तुकड्यांत बाजरी आणि मटकी पेरायला लागली. जनगणनेचा माणूस बारामतीकडून आला तो म्हणाला, तुमची नोंद इंदापूरवाले करतील. इंदापूरकडचा म्हणाला, बारामतीवाले करतील. पुढं जनावरांची गणती आली, तेव्हा तिची म्हैस मात्र दोघांनी लिहून नेली. म्हणजे सरकारदरबारी माणूस शून्य आणि म्हशी दोन.

बानूबाईला याचं काही नव्हतं. तिला पाहिजे होती लाइट. चौऱ्याण्णव साली सुप्याच्या बाजारात वीस मेंढरं विकून तिनं पिठाची जुनी गिरण घेतली होती. दोन्ही गावांत गिरण नव्हती. हिवरेवाडीच्या बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन काटेवाडीला जायच्या, बोरकुंडच्या भवानीनगरला. मधे गिरण झाली तर सगळ्यांचेच पाय वाचणार होते आणि बानूबाईचं म्हातारपण निघणार होतं. तीन वर्षं झाली, गिरण पडवीत पोत्याखाली उभी होती. रोज सकाळी बानूबाई पोतं काढून ती पुसायची आणि परत झाकायची.

लाइटच्या ऑफिसात तिनं रहिवासी दाखला नेला. एक नाही, दोन नेले. माळ आपला म्हणून दोन्ही ग्रामपंचायतींनी मोठ्या हौसेनं दाखले दिले होते. तिथला क्लार्क म्हणाला, "आजी, एक माणूस दोन गावचं कसं असंल? एका गावाचं ना-हरकत पत्र आणा, की ही जागा त्या दुसऱ्या गावची असायला आमची हरकत न्हाय. लगेच खांब देतो."

आता हरकत नाही असं कोण लिहून देणार? दीडशे वर्षं हरकत हेच तर गावांचं मुख्य पीक.

हिवरेवाडीचे सरपंच दादासो म्हणाले, "अक्का, तुमी जीव मागा, देतो. सही मागू नगा. माझ्या खापरपणज्यानं गोऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून शीव ओढ्यावर नेली हाय. त्याला वर जाऊन काय तोंड दाखवू?"

बोरकुंडच्या सरपंच भामाबाई. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आल्या होत्या, आणि गावातले पुरुष त्यांच्यासमोर तंबाखू मळायला भीत. त्या म्हणाल्या, "बानूबाई, आमच्या मामंजींच्या पणज्यानं सायबाला तीन दिवस माळावर उपाशी हुबा केला, तवा कुठं शीव गाडीवाटंवर आली. मी सही केली तर मामंजी जेवायचं सोडतील."

"मामंजी जाऊन धा वर्षं झाली की!" बानूबाई म्हणाली.

"त्यांच्या फोटोला निवद असतो. त्यो खायचा सोडतील."

शेवटी बानूबाई माझ्याकडं आली. "तात्या, ज्यानं रेघ मारली त्यालाच इचारा की. लिवा पत्र."

मी लिहिलं. माझं इंग्रजी जुन्या नकाशांवर शिकलेलं. त्यामुळं पत्रात क्रियापदं कमी आणि दिशा जास्त होत्या. मजकूर असा, की आपल्या माणसानं एकच माळ दोन गावांना दिला आहे, तरी एका गावाचा परत घ्यावा, कोणाचा ते आपण ठरवावं, आपला सोनबा, निवृत्त साखळीवाला. पत्ता घातला, जुन्या कागदांची कचेरी, लंडन.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पाकीट इतकं गुळगुळीत, की पोस्टमननं ते दोन वेळा पायरीवर पाडलं. पत्राची नोंद घेतली आहे. हा दोन गावांचा आपापसातला प्रश्न आहे. दोघांनी तो सामोपचाराने सोडवावा. आमची त्यात कोणतीही भूमिका नाही.

बानूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भूमिका न्हाय? मग रेघ काय माज्या कोंबडीनं मारली?"

पण कचेरीतल्या कुणीतरी भल्या माणसानं माझं पत्र साहेबाच्या घराण्याकडं धाडलं असणार. कारण स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, डॉब्सन साहेबाचा खापरपणतू बारामतीच्या स्टँडवर उतरला. साठीचा, लांबलचक, उन्हानं गाजरासारखा झालेला. पेशानं दाताचा डॉक्टर. बगलेत खापरपणजोबाची मोजणीची वही, पिवळ्या फडक्यात बांधलेली. भेटेल त्या प्रत्येकाची आधी माफी मागायचा आणि मग त्याचे दात बघायचा.

पहिल्या दिवशी दादासोंनी त्याला हिवरेवाडीला नेलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. लगाम धरल्याची गोष्ट सांगितली. साहेब मान हलवत म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे. गावानं हलगी वाजवली.

दुसऱ्या दिवशी भामाबाईंनी जीप पाठवली. मटण, बाजरीची भाकरी, वर लिंबू. उपाशी उभं केल्याची गोष्ट सांगितली. साहेब चौथ्या भाकरीला होता. मान हलवत म्हणाला, तुमचंही अगदी बरोबर आहे. तिथं फटाके वाजले.

दुभाषा म्हणून दोन्हीकडं मीच होतो. मला त्याचं निम्मं कळत होतं आणि उरलेलं निम्मं मला नको होतं. पण एक ध्यानात आलं. दोन दिवसांत दोन गावांना एकच माळ देण्याची त्या घराण्याला सवयच होती.

तिसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला गावानं आपली शीव ओलांडायची, सोनं लुटायचं, हे सगळीकडंच असतं. आमच्याकडं अडचण अशी, की शीवच दोन. हिवरेवाडीची बिरोबाची पालखी पट्टा तुडवत ओढ्याकडं जायची. बोरकुंडची भैरोबाची पालखी पट्टा तुडवत गाडीवाटेकडं जायची. मुहूर्त एकच, ऊन कलल्यावरचा. आणि दोन्ही वाटा बानूबाईच्या अंगणातून. दर साली दोन्ही पालख्या तिच्या तुळशीपाशी समोरासमोर यायच्या, भोई देवांची तोंडं फिरवायचे, खांदे भिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी बानूबाई अंगण सारवायला घ्यायची. एका साली तर गर्दीत देवांचीच अदलाबदल झाली आणि बिरोबाला आठ दिवस बोरकुंडचं जेवण जेवावं लागलं. देव काही बोलला नाही, पण परत आला तो अंगानं भरून आला होता.

त्या सकाळी मी साहेबाला घेऊन बानूबाईकडं गेलो. तिनं त्याला म्हशीच्या दुधाचा चहा दिला. साहेबानं फडकं सोडून वही माझ्या हातात दिली. त्याला अक्षर लागत नव्हतं. मला मात्र असल्या वह्यांची धूळ खाऊनच नोकरी संपलेली. साखळ्यांची संख्या, कोन, ओढा, बाभूळ, सगळं ओळखीचं. पान उलटत गेलो आणि आमचा माळ सापडला. समासात बारीक अक्षरात असं होतं:

"तारीख चार. हिवरेवाडीच्या पाटलाने मेंढा भेट दिला. हद्द ओढ्यावरून धरली. तारीख पाच. बोरकुंडच्या पाटलाने मेंढा भेट दिला, कालच्यापेक्षा लठ्ठ. हद्द गाडीवाटेवरून धरली. दोन्ही मेंढे मधल्या माळावर राहणाऱ्या धनगराचे. त्याला विचारलेले नाही. दोन्ही गावे संतुष्ट. हवा उत्तम."

मी बानूबाईला एकेक ओळ मराठीत सांगितली. ती चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मेंढरं आमची?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् इचारलं न्हाय."

"न्हाय इचारलं."

ती उठली. पडवीतून तिनं वाघर काढली. मेंढरं रात्री कोंडायला धनगर खुंट्यांवर जाळी ताणतात, ती वाघर. तिच्याजवळ सासऱ्याच्या वेळची दोन लांब जाळ्या होत्या. एक घराच्या मावळतीला ताणली, एक उगवतीला. साहेब खुंट्या ठोकू लागला. का ठोकतोय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी काम सांगितल्याचा त्याला आनंद झालेला दिसत होता.

ऊन कललं. मावळतीकडून ढोल, उगवतीकडून ढोल. दोन्ही पालख्या आल्या आणि आपापल्या जाळीपाशी थांबल्या. पाठीमागची माणसं पुढच्यांवर येऊन आदळली. मधल्या अंगणात बानूबाई, साहेब आणि मी.

दादासो जाळीवरून ओरडले, "अक्का, काय ह्यो खेळ? देव वाटंत हाय!"

"देवाला येऊ द्या. माणसं भायर."

पलीकडून भामाबाई म्हणाल्या, "मेंढरं हाय का आमी, वाघरीत कोंडायला?"

"मेंढरांचंच बोलायचं हाय," बानूबाई म्हणाली. "तात्या, वाचा."

मी तुळशीच्या कट्ट्यावर उभा राहिलो आणि वाचलं. आवाज माझा मोठा. मोजणीत शंभर कदमांवरच्या झेंडीवाल्याला हाका मारून झालेला. हिवरेवाडीचा मेंढा आला तेव्हा बोरकुंडवाले हसले. बोरकुंडचा मेंढा आला तेव्हा हिवरेवाडीवाले हसले. मेंढे कुणाचे ते आलं, तेव्हा दोन्हीकडच्या ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले.

"लगाम धरला व्हता न्हवं?" भामाबाईंनी दादासोंना विचारलं.

"मेंढ्याचा कान धरून लगाम म्हणलं असंल," कुणीतरी मागून बोललं.

दादासो लाल झाले. "आन् तुमी सायबाला उपाशी ठेवला व्हता! लठ्ठ मेंढा चारून?"

बानूबाई साहेबाकडं वळली. "काय रं बाबा, तुज्या आज्यानं असं कशापायी केलं?"

मी विचारलं. साहेबानं टोपी काढली आणि लांबलचक बोलायला लागला. तो काळ गुंतागुंतीचा होता, दोन्ही बाजूंचे दावे विचारात घेण्यासारखे होते, त्या वेळच्या परिस्थितीत त्यांनी जमेल तेवढं चांगलं केलं असावं, असं काहीतरी.

"काय म्हनतोय?" बानूबाईनं विचारलं.

"म्हणतोय, मटण आवडलं म्हणून."

बानूबाईनं मान हलवली. एवढं तिला पटलं.

"आता ऐका," ती दोन्ही जाळ्यांकडं बघत म्हणाली. "माज्या घरातली दोन मेंढरं सायबाला चारून तुमी माजाच माळ वाटून घेतला. मला माळाचं काय बी नगं. मला ना-हरकत पाहिजे. दोन गावांची, दोन. न्हायतर औंदा शीव कुणी बी वलांडायची न्हाय."

"दोन कशाला?" दादासो म्हणाले. "एकच लागतंय. भामाबाईंचं घ्या."

"माजं का? तुमचं घ्या!"

"आदी त्यांनी करावी."

"आदी त्यांनी!"

परत ढोलवाल्यांनी टिपऱ्या सरसावल्या. साहेबाला वाटलं आपण काही बोलायला हवं. हात जोडून म्हणाला, दोन्ही बाजूंनी एकत्र बसावं, चहा घ्यावा, घाई करू नये, आणि सामोपचारानं मार्ग काढावा. घराण्याच्या वतीनं आपल्याला खेद आहे.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या आयुष्यात मी कधी खोटं भाषांतर केलेलं नाही. मघाचं मटण आणि हे सोडून.

"सायब म्हणतो," मी म्हणालो, "दिवस मावळायच्या आत दोन्ही सरपंचांनी सह्या केल्या न्हायत, तर ह्ये पान त्यो पेपरात छापणार. पाटलांच्या नावानिशी. बारामतीत बी आन् इंदापुरात बी. पयल्या पानावर. मेंढ्याच्या चित्रासकट."

साहेब माझ्याकडं बघून हसला आणि जोरजोरात मान हलवली. त्याला वाटलं, खेद पोचला.

दादासोंनी बिरोबाकडं बघितलं. भामाबाईंनी भैरोबाकडं बघितलं. चित्रासकट म्हटल्यावर दोघांचेही पूर्वज डोळ्यांपुढं आले असावेत, मेंढ्याशेजारी उभे.

"कागद हाय का?" दादासोंनी बारीक आवाजात विचारलं.

कागद बानूबाईजवळ तीन वर्षं तयार होते. शिक्केही लांब नव्हते. दसऱ्याला जो तो आपलं हत्यार पुजतो. शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. आमच्या दोन्ही सरपंचांनी सकाळी ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का पुजला होता आणि तो पालखीत देवाच्या पायाशी ठेवून आणला होता.

प्रश्न राहिला, पहिला कोण. दोघंही शिक्के धरून उभे. हात खाली कुणाचाच येईना. पाच मिनिटं झाली. भोयांनी खांदे बदलले.

"दोघं बी कागदाच्या वर धरा," बानूबाई म्हणाली. "मेंढरू गाडीत चढवतो तसं. मी हाळी दिली की एकदमच."

तिनं मेंढरांना देतात तशी हाळी दिली, आणि घाबरून दोघांनीही शिक्के मारले. शाई नव्हती. पण पूजेचं तेल आणि कुंकू शिक्क्यांवर थापलेलं होतं, त्यामुळं दोन्ही शिक्के लालभडक उमटले. असा ठसठशीत ठसा मी अख्ख्या सरकारी नोकरीत पाहिला नाही. मग दुसऱ्या हाळीला दोघांनी खाली सह्याही केल्या. साहेबाला मी साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली, तर तो दोन पावलं मागं सरला. म्हणाला, आमच्या घराण्यानं हितं आता सही न केलेली बरी. एवढं एक त्याचं वाक्य मला पूर्ण कळलं आणि मी तसंच्या तसं सांगितलं.

बानूबाईनं वाघर सोडली. पण आता नवीच पंचाईत. पालख्या निघणार तेवढ्यात भामाबाई थबकल्या. "थांबा! पट्टा तुमचा म्हनून मी लिवून दिलं. म्हंजी आमची शीव ओढ्यावर. ओढा तर आमी मघाच वलांडला!"

दादासोंनी बोटं मोजली. पट्टा बोरकुंडचा म्हणून त्यांनी लिहून दिलेलं. म्हणजे हिवरेवाडीची शीव गाडीवाटेवर, आणि गाडीवाट ते अर्ध्या तासापूर्वीच मागं टाकून आले होते. दोन्ही गावांचं सीमोल्लंघन कळायच्या आत होऊन गेलेलं. पुढं जायला जागाच नव्हती. मग तिथंच, अंगणात, आपट्याची पानं निघाली. दादासोंनी भामाबाईंच्या हातावर सोनं ठेवलं, पण ते ठेवताना दोघंही साहेबाकडं बघत होते. साहेबाला एवढी पानं मिळाली, की परत जाताना त्याची बॅग मिटेना.

लाइटच्या ऑफिसात क्लार्कनं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. हिवरेवाडीला जागा बोरकुंडची असायला हरकत नाही. बोरकुंडला जागा हिवरेवाडीची असायला हरकत नाही.

"मग जागा कुणाची हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या नियमात ते लिवलंय का?" बानूबाई म्हणाली. "तुमी म्हणलात एक आणा. मी दोन आणलीत."

त्यानं लाल शिक्क्यांना नखानं खरवडून पाहिलं, बोट कपाळाला लागलं, आणि गुलालात न्हाल्यासारख्या तोंडानं त्यानं अर्ज मंजूर केला.

भांडण मिटलं असं कुणी समजू नये. आठ दिवसांत हिवरेवाडीनं प्रांत साहेबांकडं नवा दावा लावला: बोरकुंडनं स्वतः लिहून दिलंय, माळ आमचा. बोरकुंडनं त्याच दिवशी दुसऱ्या खिडकीवर तोच दावा उलटा लावला. पूर्वी पुरावा साहेबाचा होता, आता एकमेकांचा आहे, त्यामुळं दोन्ही बाजू आणखी मजबूत झाल्या आहेत. तारखा पडताहेत. मी साक्षीदार आहे, दोन्हीकडचा.

पौषात खांब आला. ज्या दिवशी तार जोडली, त्या दिवशी सकाळी सातलाच बानूबाईच्या पडवीत दळणाचे डबे लागले. पहिल्या नंबरला दादासो स्वतः, दहा किलो गहू घेऊन. त्यांच्या अंगाला अंग लावून भामाबाई, जोंधळा घेऊन.

"आदी आमचं," दादासो म्हणाले. "गिरण आमच्या हद्दीत हाय."

"कुठल्या हद्दीत? तुमच्याच सहीनं आमची हाय!"

"आन् तुमची सही कुठं गेली मग?"

बानूबाईनं पोतं बाजूला केलं. आपल्याच रानातल्या बाजरीची पाटी गिरणीच्या तोंडात ओतली आणि बटण दाबलं. पट्टा फिरला, पडवी हादरली, पत्रा वाजायला लागला. दादासोंचं आणि भामाबाईंचं तोंड हलत होतं, हात वर खाली होत होते, पण त्या आवाजात काय चाललंय ते कुणालाच ऐकू येईना. बानूबाईनं खालून पडणाऱ्या पिठाची चिमूट उचलली, बोटांत चोळली, आणि जातं जरा आणखी आवळलं.